शेरा

पाटबंधाऱ्याच्या रजिस्टरात सहा रकाने असतात.
तारीख, वेळ, फूट, इंच, पाऊस
आणि कडेला बोटभर रुंदीचा, शेरा.
माझ्या आधी बत्तीस वर्षं
पंचगंगेच्या या बंधाऱ्यावर गुंडू अंबी होता.
शेऱ्यात त्यानं लिहायचं ते एवढंच: निरंक.
त्यानं लिहिलं भलतंच.

'सतरा फूट दोन इंच.
ऊद दोन, पिलू एक. मरळ फोडून खाल्ली.'
(ऊद म्हणजे पाणमांजर, हे मला नंतर कळलं.)

'तेवीस फूट. वाम चढाला लागली.'

'उतार. मळी बसली गुडघाभर.
चौगुले म्हणतो, औंदा वांगी लावणार.'

मळी. इथं मी अडखळलो.
मला ठाऊक होती ती कारखान्याची,
काळी, कढत, घशात उतरून बसणारी.
गुंडूच्या जुन्या पानांत मळी म्हणजे
पूर निघून जाताना काठाला ठेवून जातो ती माती,
गगनबावड्याकडची लाल,
कुजल्या पानांची, पायाला गार.

पुढं पुढं एकाच शब्दाला दोन वास येऊ लागतात.
ऑक्टोबरात, 'मळी चांगली.'
एप्रिलात, 'रात्री मळी आली. मासे तोंड वर काढून.'
कुठली, ते तो लिहीत नाही.
महिना बघून ओळखायचं.

केंदाळाची पहिली नोंद म्हणजे नुसतं फूल:
'जांभळा तुरा आला वाहत. घरी नेला, बायकोला.'
पुढल्या वर्षी, 'बंधाऱ्याला अडकलंय.'
त्याच्या पुढल्या, 'पाणी दिसत नाही.
काठीनं केंदाळ सारून फूट वाचले.'
आणि मग एका पानावर, जरा मोठ्या अक्षरात,
'जांभळ्या कोंबड्या आल्यात. लांब बोटं.
केंदाळावरनं चालतात. ह्या आधी नव्हत्या.'

जेसीबी आला तेव्हा पुलावर गर्दी होती,
फोटो निघाले, कुणीतरी पेढे वाटले.
शेरा: 'अंडी अकरा. बादलीत ठेवली.
उपयोग नाही.'

मोठ्या पुरात पट्टीच बुडाली.
त्या पानावर फूट-इंच कोरे,
शेरा रकाना सोडून पाऊस लिहायच्या जागेत शिरलेला:
'चिखलीकडून पत्रे येतात. गंजी. गॅसची टाकी.
म्हैस एक, जिती, माझ्याकडं बघत गेली.
केंदाळ एका रात्रीत साफ.
आम्ही सात वर्षं काढत होतो.'

थंडीतलं पान:
'नदी उघडी. शेरणीची बेटं गेली.
वाळू आली, एवढी कधी पाहिली नव्हती.'
दोन दिवसांनी, 'वाळूवर कासवाच्या खुणा.'
त्याच्या खाली, तारीख न घालता,
'ट्रॅक्टर सोळा.'

आता पुलाच्या कठड्याला रडार आहे.
दर पंधरा मिनिटांनी आकडा आपोआप जातो.
ॲपमध्ये रकाने पाच.
साहेब म्हणाले, शेऱ्यात कुणी काही लिहीत नाही ना.
मी मान हलवली.

तरी सकाळी मी खाली उतरतोच, सवय म्हणून.
काल पट्टीपाशी ओल्या चिखलात पंजा होता.
पाच बोटं. बोटांच्या मध्ये पडदा असावा,
किंवा चिखल सरकलेला.
मोबाईलवर फोटो घेतला, गुंडूच्या घरी गेलो.
मोतीबिंदूनं डोळे दुधाळ झालेत त्याचे.
स्क्रीन नाकाशी धरून त्यानं बराच वेळ बघितलं,
मग माझ्या हातात परत दिली.

'दिसत न्हाई बाबा,' म्हणाला.
'वास घेतलास काय?'

घेतला नव्हता.